छातीत दुखतंय म्हणालास, म्हणून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेतीनला तुझा मेसेज आला: 'काका, छातीत दुखतंय, डोकं ठणकतंय, डावा खांदा धरलाय. अटॅक असेल का?' सकाळी ईसीजी झाला, नॉर्मल निघाला. तरी हे सविस्तर लिहितोय, कारण फोनवर तू नुसतं 'हो काका, हो काका' करत होतास.

आधी धोक्याचं. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखा दाब आला, तो हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे सरकला, सोबत घाम सुटला, मळमळलं किंवा धाप लागली, तर लगेच 108 लावायचा. मित्राच्या गाडीवर मागे बसून जायचं नाही. जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तू उंच, काटकुळा आहेस. अशा पोरांत कधीकधी फुप्फुसातून हवा फुटते. एका बाजूला अचानक कळ येते आणि श्वास पुरत नाही. तेव्हाही थांबायचं नाही.

एक कबुली देतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत बेचाळिशीच्या एका माणसाला मी 'गॅस झालाय' म्हणून गोळी देऊन घरी पाठवलं होतं. संध्याकाळी त्याला अटॅक आला. वाचला बिचारा. पण तेव्हापासून ईसीजी बघितल्याशिवाय 'गॅस' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. आणि एक ईसीजी चांगला आला म्हणजे कायमची सुटका झाली, असंही नाही. तसं दुखणं परत आलं, तर परत काढायचा.

तुझ्या दुखण्याची चाल मात्र वेगळी दिसते. बोटाने दाबलं की नेमकं तिथेच दुखतं, कूस बदलली की कळ येते. बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जिथे जोडल्या जातात, तिथली कूर्चा बहुधा दुखावली आहे. अभ्यासिकेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दहा-बारा तास मान खाली घालून बसतोस. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. ते पुढे झुकलं की सगळा ताण मानेमागच्या स्नायूंवर येतो. त्यांतला मोठा स्नायू कवटीच्या मागून निघून खांद्यावर उतरतो. म्हणून खांदा धरतो आणि डोक्याला पट्टा आवळल्यासारखं होतं.

आता खरी गोम. 'दिवसाआड एक गोळी घेतो,' हे तू अगदी सहज सांगितलंस. महिन्याचे पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या पोटात जात असतील आणि हे तीन महिने चाललं असेल, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. त्यात तू त्या उपाशीपोटी चहाबरोबर घेतोस. मग जळजळ, जळजळीने छातीची धास्ती, धास्तीने रात्रभर मोबाइलवर रोगांची शोधाशोध आणि सकाळी पुन्हा डोकं. हे चक्र तोडायचं तर गोळी थांबवावी लागेल. पहिले काही दिवस डोकं जास्तच दुखेल, तेवढं सोसायचं. पण डोकेदुखी एकाएकी, कधी नव्हे इतकी जोराची सुरू झाली, ताप येऊन मान ताठली किंवा बोलताना जीभ अडखळली, तर ते सोसायचं दुखणं नव्हे. सरळ हॉस्पिटल.

पुस्तक डोळ्यांसमोर येईल असं उंच ठेव. खाली ते जाडजूड संदर्भग्रंथ लाव, नाहीतरी तू ते उघडत नाहीस! पाण्याची बाटली लहान घे, म्हणजे भरायला तरी उठशील. मेसचा डबा अकराला खाऊन लगेच आडवा होतोस, तो आठलाच खा. खांदा गरम पाण्याच्या पिशवीने शेक, आणि फिजिओथेरपिस्टकडून मानेचे व्यायाम एकदा समोर बसून शिकून घे. व्हिडिओ बघून मान मोडत बसू नकोस.

तुझ्या भीतीला मी हसणार नाही. वडिलांना एक्कावन्नाव्या वर्षी अटॅक आला, तेव्हा तू दहावीत होतास. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आम्ही ते गंभीरपणे घेतो. म्हणून रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल या आठवड्यातच तपासून घे. सिगारेटबद्दल तू काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. पण तुझ्या घरात ती चालणार नाही.

रविवारी रिपोर्ट घेऊन ये. गोळ्यांची रिकामी पाकिटंही आण, मला ती मोजायची आहेत.

तुझा,
काका