उपकेंद्राचा पैसा अडकतो कुठं?

प्रश्न : आमचा पाडा जव्हार तालुक्यात. उपकेंद्रातलं बीपीचं मशीन दिवाळीपासून बंद आहे, पट्टा फाटलाय, हवाच धरत नाही. सिस्टर चांगल्या आहेत पण विचारलं की म्हणतात वरून निधी नाही. हा निधी येतो तरी कुठून आणि आम्ही कुणाला धरायचं?

उत्तर : दादा, तुमच्या सिस्टर खोटं बोलत नसतील पण "निधी नाही" हे अर्धंच उत्तर झालं. पैसा एका खिशातून येतच नाही. मोठा खिसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा, त्यात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के घालतं, तो मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला असा हप्त्याहप्त्यानं उतरतो आणि बऱ्याचदा पोचेपर्यंत मार्चएन्ड उजाडतो, मग जे मिळेल ते घाईघाईत खरेदी. फाटलेला पट्टा तसाच आणि कपाट मात्र नवीन, असं होतं ते यामुळंच.

पण बीपीच्या पट्ट्यासाठी मुंबईची वाट बघायची गरज नाही. उपकेंद्राला अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा असतो तो अशाच किरकोळ खर्चासाठी, आधी तो मागा. पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिथंही मागता येतं. गावाचीही आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, अभियान २००५ ला सुरू झालं तेव्हा महसुली गावामागे वर्षाला १०,००० रुपये ठरले होते. आता गंमत बघा, गाव महसुली, म्हणजे सरकारी दप्तरी गाव म्हणून नोंदलेलं पाहिजे, म्हणजे सात पाडे असले तरी पैसा एकाच गावाचा, आणि लांबच्या पाड्यावरच्या बाईला समिती आहे हेच माहीत नसतं.

तुम्ही पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात येता ना? मग अजून एक खिसा आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला (आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या बजेटातला) ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि आरोग्य त्यात बसतं. बहुतेक ठिकाणी तो रस्ते-गटारातच जातो, कारण ग्रामसभेत बीपीच्या पट्ट्याचं कुणी बोलतच नाही.

तर पुढच्या ग्रामसभेत आशाताईंना सोबत घ्या आणि गावाच्या आरोग्य समितीचं पासबुक मागा, नुसतं "हिशोब द्या" म्हणू नका, पासबुकच बघायचंय म्हणा. शिल्लक दिसली तर तिथंच ठराव लिहून घ्या. शून्य निघाली तर शेवटची एन्ट्री कधीची ते टिपून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.