गेममध्ये वस्तू पाडत बसणारा मुलगा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. 'गॅरीज मॉड' या गेममध्ये खुर्च्या, पिंपं, बाहुल्या एकमेकांना बांधतो, पाडतो आणि त्याचे व्हिडिओ करतो. म्हणतो, हीच माझी कला. त्याचे बाबा इंजिनिअरिंगवर ठाम आहेत. काय करावं?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, २००६ पासून स्वतंत्र गेम म्हणून मिळणाऱ्या या 'गॅरीज मॉड'मध्ये जिंकणं-हरणं नाहीच. तेव्हा किती तास बसतो हे मोजू नका, एकदा शेजारी बसून बघा. वस्तू पाडून मजा घेतो आणि विसरतो, की मनासारखी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडतो? दुसरं असेल तर ती चित्रकाराची सवय आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

जगाने हे कलेचं माध्यम मानलंय. इयन चेंग हा अमेरिकन कलाकार गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पात्रं आणि नियम रचतो. पुढचं आपोआप घडत राहतं, शेवट ठरलेला नसतो. न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या कलासंग्रहालयात २०१७ साली त्याचं प्रदर्शन झालं.

मुलाला आता ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकू द्या, ते फुकट आहे. त्यात गुरुत्वाकर्षण मुळात पृथ्वीइतकं, ९.८१ असतं. ते चंद्राइतकं, १.६२ केलं की तीच वीट रेंगाळत खाली येते. घर्षण वाढवलं की रचलेला ढीग तग धरतो, उसळी वाढवली की उधळतो. हे त्याच्या बाबांना जरूर दाखवा. बारावीचं फिजिक्स इथे रोज लागतं, त्यामुळे सायन्स वाया जात नाही.

पण हात चित्रात बसलेला हवा, यात सवलत नाही. तुमच्या घराजवळच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे, १९५० सालची. इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायचे. प्रवेशासाठी अभियोग्यता (अ‍ॅप्टिट्यूड) परीक्षा असते. आयआयटीच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा आहे. ती सायन्सवाल्यांनाही देता येते आणि तिच्यातही हाताने चित्र काढावं लागतं. रोज अर्धा तास स्केचिंग आजपासूनच, मंगळबाजारातली गर्दी काढली तरी चालेल.

पैशाचं स्पष्ट सांगते. निव्वळ कलाकृती विकून घर चालणं अवघड. मात्र हेच कौशल्य व्हीएफएक्स (सिनेमातली संगणकीय दृश्यं) आणि गेम स्टुडिओंना लागतं, त्यामुळे पोटापाण्याची वाट बंद नाही.

इंजिनिअरिंगचा फॉर्मही भरा. बोर्डाचे पेपर संपले की त्याला एक-एक मिनिटाचे तीन व्हिडिओ पूर्ण करायला लावा, नाव आणि आवाजासकट. ते बघून मगच त्याच्या बाबांशी बोला.