उन्हाळ्यात ऑईल तापतंय? आधी हे बघ

भावा, नवी बाईक घेऊन एप्रिलच्या उन्हात पन्हाळ्याला निघालायस म्हणून सांगतो. एअर-कूल्ड इंजिनाला वारा हाच पंखा. मोकळ्या रस्त्यावर साठनं चाललास तर ऑईल फार तापत नाही. तापतं ते दुपारी कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत, नाहीतर जोतिबाच्या चैत्र यात्रेत अर्ध्या क्लचवर चढ रांगताना. तिथं गाडी अडकून पडली की सरळ बंद कर.

ऑईलची पातळी दर आठवड्याला बघ. गाडी सपाट जागी, मेन स्टँडवर सरळ उभी पाहिजे. साइड स्टँडवर बघितलंस तर फसशील. ऑईल कमी असलं की उरलेल्यावरच सगळा भार येतो आणि ते लवकर तापतं. एकदा मी न बघताच कोकणातनं करूळ घाट चढलो. गगनबावड्याला पोचेपर्यंत गिअर अडकायला लागले, न्यूट्रल सापडेना. इंजिन जरा गार झाल्यावर ऑईल मोजायची काडी काढली तर टोकाला जेमतेम ओल, काळीकुट्ट, आणि जळका वास. त्या दिवशी पोटात गोळा आला होता.

ऑईलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच घाल. १०डब्ल्यू-३० मधला ३० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती दाट राहतं त्याचा आकडा. मॅन्युअल परवानगी देत असेल तरच ४० किंवा ५० कडे जा. कारचं ऑईल मात्र नको, क्लच घसरू शकतो.

आणि फिन्स, म्हणजे इंजिनावरच्या त्या पातळ पट्ट्या! उसाच्या रानातला चिखल तिथं वाळून घट्ट बसतो, मग वारा लागणार कुठनं? इंजिन पूर्ण गार झाल्यावर मऊ ब्रशनं धू.