वाचकांचे प्रश्न : घडी नीट का बसत नाही?

प्रश्न : शुभेच्छापत्रांसाठी मी एका बाजूला रंग छापलेले, २५० जीएसएमचे (म्हणजे दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचे) ए४ कार्डशीट वापरते. मधोमध दुमडले की घडीवर पांढरे तडे जातात आणि कड खडबडीत दिसते. कितीही जोराने दाबले तरी फरक पडत नाही. काय चुकत असावे?

उत्तर : जोर वाढवून हे तडे थांबणार नाहीत, कारण अडचण कागदाच्या अंगातच आहे. कारखान्यात कागदाचा लगदा सरकत्या जाळीवर पसरतो, तेव्हा त्यातील बहुतेक तंतू जाळी ज्या दिशेने धावते त्याच दिशेने लांबीत पसरतात. त्यामुळे कापडाप्रमाणे कागदालाही एका दिशेने जाणारा धागा असतो, असे म्हणता येईल. धाग्याला समांतर घातलेली घडी तंतूंच्या मधून सहज वळते. धाग्याला काटकोनात घडी घातली, तर तेच तंतू मोडावे लागतात, बाहेरचा थर ताणला जातो, रंगाचा पापुद्रा फुटतो आणि आतला पांढरा कागद डोकावतो.

धागा ओळखण्यासाठी कागद न दुमडता त्याच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींवर आणून वळलेला भाग तळव्याने हलकेच दाबून पाहावा, मग कागद फिरवून दुसऱ्या जोडीनेही तसेच करावे. ज्या वेळी कागद कमी उसळतो, त्या वेळी तळव्याखालचे वळण धाग्याला समांतर असते. ए४ कागदात धागा बहुधा २९७ मिलिमीटरच्या लांब बाजूने जातो, तर आपल्या शुभेच्छापत्राची घडी २१० मिलिमीटरच्या बाजूला समांतर असते. म्हणजे ती नेमकी धाग्याला आडवी पडते. त्यापेक्षा लांबीच्या दिशेने धागा असलेले ए३ शीट आणून घरीच मधोमध कापावे. मिळणाऱ्या दोन्ही ए४ तुकड्यांत धागा आपोआप २१०च्या बाजूने येतो.

तरीही इतक्या जाड कागदावर आधी ओळ दाबून घेतलीच पाहिजे. कागदाखाली जुन्या मासिकाची मऊ गादी ठेवावी, १४८.५ मिलिमीटरवर धातूची पट्टी धरावी आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दोन-तीन हलके हात फिरवावेत. कटरने अर्धवट चिरण्याची सवय काहींना असते. पुष्कळदा उघडमिट होणाऱ्या कार्डासाठी मला ती मुळीच पसंत नाही, कारण घडी तिथेच फाटते. ओळ कार्डाच्या दर्शनी बाजूवर दाबावी. मागे जो बारीक उंचवटा उमटतो, तो घडीच्या आत राहील अशाच रीतीने कार्ड मिटावे. पुष्कळ जण खाचेच्या बाजूला दुमडतात, कारण हाताला तेच स्वाभाविक वाटते. परंतु उंचवटा आत गेला की बाहेरच्या थरावरचा ताण कमी होतो आणि कड स्वच्छ येते. घडी घोटताना वर कोरा कागद ठेवावा, नाहीतर गडद रंगावर घासल्याची चकाकी कायमची राहते.

प्रश्न : ओरिगामीत सुरुवातीच्या घड्या बरोबर येतात, पण शेवटी टोके जुळत नाहीत. असे का होते?

उत्तर : सर्वप्रथम आपला चौरस खरोखर चौरस आहे का, हे दोन्ही कर्णांवर दुमडून तपासावे. कागद हवेत धरून दुमडू नये. तो सपाट टेबलावर ठेवून जवळची कड पलीकडच्या कडेवर न्यावी, दोन्ही कोपरे जुळलेले दिसेपर्यंत घडीला हात लावू नये, आणि मग मध्यापासून दोन्ही टोकांकडे बोट सरकवावे. सोळा समान पट्ट्या पाडताना एकीच्या मापाने दुसरी मोजली, तर अर्ध्या मिलिमीटरची चूक शेवटापर्यंत साचत जाते. त्याऐवजी अर्धे, पाव, अष्टमांश असे करत जावे. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. साध्या ८० जीएसएम कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते आणि प्रत्येक घडी तेवढी जागा खाते. म्हणून कडा मधल्या रेषेपर्यंत आणताना केसभर फट सोडावी. तसे केले नाही, तर पुढच्या घडीत त्या एकमेकींना भिडून कागद फुगतो.

प्रश्न : बारा कागद एकात एक घालून वही केली, तर आतली पाने बाहेर डोकावतात. यावर उपाय काय?

उत्तर : बाहेरच्या कागदांच्या जाडीमुळे आतली पाने पुढे ढकलली जातात; तो घडीचा दोष नव्हे. तीन-चार कागदांचे गठ्ठे वेगवेगळे दुमडून, घोटून मग एकात एक बसवावेत आणि वही शिवून झाल्यावरच पुढची कड एकदम कापावी.