वाचकांचे प्रश्न : लर्निंग लायसन्सचा खरा खर्च किती?

प्रश्न : दुचाकी-कारच्या लर्निंग लायसन्ससाठी सायबर कॅफेवाला ९०० रुपये मागतो. सरकारी शुल्क किती?

उत्तर : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ३२ नुसार प्रत्येक वाहनवर्गाला १५० आणि चाचणीचे ५० रुपये. दोन वर्गांचे ३०० अधिक चाचणीचे ५०, असे ३५० झाले. संगणकीकरणापोटी राज्य वर थोडी भर घालू शकते. ती पावतीत दिसते. उरलेली कॅफेवाल्याची मजुरी!

अर्ज स्वतः ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर भरा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ हवेच. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट ‘सेवाशुल्क’ उकळतात. पैसे यूपीआय किंवा रुपे डेबिट कार्डाने भरा. क्रेडिट कार्डावर गेटवेचा (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या यंत्रणेचा) अधिभार बसू शकतो.

पैसे कापले, पावती नाही? लगेच पुन्हा भरू नका, दुहेरी पैसे अडकतात. आधी अर्ज क्रमांक टाकून ‘व्हेरिफाय पे स्टेटस’ तपासा.