करारावरचं ब्रॉयलर शेड : वर्षात पाच बॅच पडतील का, ते आधी विचारा

प्रश्न : सिन्नर तालुक्यात आमची अडीच एकर जिरायत आहे. ५,००० पक्ष्यांचं शेड बांधा; पिल्लं, खाद्य, औषधं आमची; बॅचला ८० हजार तुमचे, असं एका कंपनीचा सुपरवायझर सांगतो. बँक १२ लाख कर्ज द्यायला तयार आहे. शेड बांधावं का? की पिल्लं स्वतःच आणून कोंबड्या विकाव्यात?

उत्तर : सुपरवायझर खोटं बोलत नाही, पण ८० हजार ही संगोपनाची रक्कम आहे, तुमची कमाई नव्हे. ५,००० पिल्लांत पाच टक्के मर धरली आणि उरलेले पक्षी सरासरी २.१ किलोचे भरले, तर वजन दहा टनांच्या आसपास जातं. किलोला ८ रुपये धरले की त्याचा आकडा येतो. त्यातून जमिनीवर अंथरायचं तूस, ब्रूडिंगचा (लहान पिल्लांना ऊब देण्याचा) कोळसा किंवा गॅस, वीज, चुना, जंतुनाशक, किरकोळ दुरुस्ती वजा करा. मी २८ हजार धरतो. तुम्ही तुमच्याकडचे भाव घाला. खताचे १५ हजार आले, तर हाती राहतात ६७ हजार. मजुरी यात नाही, कारण राबणारे घरचेच दोघं.

आता कर्ज. १२ लाख, ११ टक्के, सात वर्षं म्हणजे महिन्याला साधारण साडेवीस हजारांचा हप्ता, वर्षाला २ लाख ४७ हजार. पाच बॅच झाल्या तर हप्ता जाऊन ८८ हजार उरतात. चारच झाल्या तर २१ हजार. दोन माणसांच्या वर्षभराच्या राबण्याचे एवढेच! तेही शेड १२ लाखांत उभं राहिलं तर.

म्हणून सगळा खेळ पाचव्या बॅचचा आहे, आणि ती तुमच्या हातात नाही. पक्षी ४०-४२ दिवसांत तयार होतात, शेड धुऊन पंधरा दिवस रिकामं ठेवलं तरी हिशोबात सहा बॅच बसतात. पण बाजार पडला की कंपनी पिल्लं टाकायला उशीर करते. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या अफवेने चिकनचे भाव कोसळले, तेव्हा कित्येक शेडं रिकामी पडली. भाव पडल्याचा तोटा करारवाल्याला थेट बसत नाही हे खरं, पण रिकाम्या शेडचा हप्ता कोणी भरत नाही. करारात वर्षाला किमान किती बॅच, हे लिहून मागा. बहुतेक ठिकाणी ते देत नाहीत. निदान दोन बॅचमधलं जास्तीत जास्त अंतर तरी लिहून घ्या.

दुसरी मेख एफसीआरची, म्हणजे एक किलो वजनामागे किती किलो खाद्य लागलं त्याची. दहा टन वजनाला १.६५ एफसीआरने ५० किलोच्या ३३० गोण्या खाद्य लागतं, १.८० झाला की ३६०. गोणी दोन हजारांची धरली, तर ६० हजारांचा फरक. उत्पादन खर्च ठरलेल्यापेक्षा वाढला की कंपनी तुमच्या दरातून कापते. ज्यांनी खाद्य उतरवताना गोण्या कधी वजन केल्या नाहीत, तेच हिशोबाच्या दिवशी सुपरवायझरशी भांडतात. उतरलेल्या गोण्या मोजा, अधूनमधून दोन-चार काट्यावर टाका, उरलेलं खाद्य परत देताना पावती घ्या. लिफ्टिंग, म्हणजे कंपनीने तयार पक्षी उचलून नेणं, लांबलं तर तयार पक्षी खात राहतो, वजन त्या मानाने वाढत नाही आणि तुमचा एफसीआर बिघडतो. त्यामुळे कोणत्या दिवसानंतरचं खाद्य कोणाच्या खात्यावर, हेही करारात हवं. पहिल्या आठवड्यातली मर जास्त असेल तर फोटोसह त्याच दिवशी कळवा. ती पिल्लांमुळे असू शकते, ब्रूडिंगमुळेही.

उन्हाळ्यातली मर मात्र बहुधा तुमच्याच माथी येते. दोन किलोचा पक्षी दुपारच्या उकाड्यात पटकन जातो. शेड पूर्व-पश्चिम लांब, रुंदी ३० फुटांच्या आत आणि फॉगर (पाण्याचे बारीक तुषार सोडणारे नोझल) हवेतच. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहा ते चार खाद्य उचलून घ्या. शेडचा विमा विसरू नका. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात आणि कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो.

कोरे धनादेश तारण मागितले तर त्यांचे क्रमांक करारात लिहा आणि सही केलेल्या मराठी कराराची प्रत घरी आणा. २०२५ मध्ये राज्याने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा दिला आहे. वीज जोडणी घेताना त्याचा दर महावितरणकडे विचारा. आयकरात मात्र हे उत्पन्न शेतीचं धरत नाहीत. टीडीएस कापला गेला तर विवरणपत्र भरा.

स्वतः पिल्लं आणून विकायचं म्हणाल, तर सध्या नको. एका बॅचला खाद्य आणि पिल्लं मिळून आठ लाखांच्या आसपास अडकतात, आणि विक्रीच्या आठवड्यात भाव पडला की तोटा पूर्ण तुमचा.

माझं मत असं : बांधू नका, आधी भाड्याने घ्या. गावोगावी रिकामी शेडं आहेत. वर्षभरासाठी करा, त्यात उन्हाळ्याची एक बॅच आलीच पाहिजे. त्याआधी त्याच कंपनीच्या तीन-चार शेतकऱ्यांकडून मागच्या सहा बॅचचे हिशोबाचे कागद पाहा. कंपनी दाखवेल त्यांचे नव्हे, तुम्ही शोधलेल्यांचे.