छिन्न म्हणजे दोन नव्हे

इंदूरच्याच एका ताईंनी विचारलंय: भाच्याच्या कागदांवर हिंदीत 'मनोविदलता' लिहिलंय, पुण्याच्या नणंदबाई फोनवर 'छिन्नमनस्कता' म्हणतात. बरोबर कुठला? आणि डॉक्टर तर डोपामीनचं, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं सांगतात, मग यात मन फाटायचा संबंध काय?

ताई, स्किझोफ्रेनियाला दोन्ही शब्द चालतात. पण आधी माझी तक्रार ऐका. मध्यंतरी इथल्याच एका स्नेहसंमेलनात वक्ते म्हणाले, "आपण इंदूरची मराठी माणसं छिन्नमनस्क. घरात मराठी, सराफ्यात हिंदी!" टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरच ठेवले. दोन भाषा येणं हा आजार नव्हे आणि छिन्नमनस्कता म्हणजे एका अंगात दोन माणसं नव्हेत. तो प्रकार निराळा, त्याचं निदानही निराळं. 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' असं भाषांतर ज्यानं पहिल्यांदा केलं, त्याला आता कुठे शोधणार!

'छिन्न'मध्ये 'दोन' आहे कुठे? 'दुभंग'मध्ये आहे. छिन्न म्हणजे तुटलेलं, सुटं झालेलं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन 'छिन्नाभ्र' म्हणतो, विरून गेलेला ढग. त्याचे तुकडे कोणी मोजतं का? स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 साली बर्लिनच्या व्याख्यानात 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द मांडला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हेच होतं: एका विचाराला दुसरा जोडणारे धागे सैल होणं.

आता गंमत. ग्रीक 'स्खिझेइन' म्हणजे चिरणं, आणि आपला 'छिद्' धातू, ही एकाच आजीची नातवंडं. मूळच्या 'स्क'चा संस्कृतात 'छ' होतो. ग्रीक 'स्किया' म्हणजे सावली, आपली 'छाया'. छेद, छिद्र, विच्छेद सगळे याच कुळातले. त्यामुळे 'छिन्नमनस्कता ही ग्रीकची नक्कल' म्हणून नाक मुरडणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांना मी सांगतो, महाराज, ही नक्कल नाही, सख्खी चुलतबहीण आहे. (इंग्रजी 'सिझर्स'ला मात्र या पंगतीत बसवू नका. त्याच्या स्पेलिंगातला पहिला 'एस' मागाहून चुकून घुसलेला आहे.) उरलं 'फ्रेन'. ते आधी छाती आणि पोट यांमधला पडदा, मग मन. ग्रीकांना यावरून हसू नये. आपणही गुपित पोटातच ठेवतो.

'विदलता'तला 'दल्' म्हणजे फुटणं. त्याच्याच घरची आपली डाळ. आणि इथेच हिंदीचा शब्द मला खटकतो. तूर भरडली की दाण्याच्या नेमक्या दोन फाका होतात. 'विदल' ऐकलं की मनापुढे द्विदल येतं आणि 'दोन माणसं' हा घोटाळा तिथूनच पिकतो, असं माझं ठाम मत आहे. हिंदीचे एक निवृत्त प्राध्यापक यावर माझ्याशी पोहे थंड होईस्तोवर भांडले. त्यांनी शेवटी पोहे खाल्ले, मत बदललं नाही.

हां, डोपामीन. तिथे आधी कळस मग पाया झाला. 1952 मध्ये पॅरिसात डले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरलं आणि रुग्णांचे भास ओसरले. ते का, याचा धागा 1963 मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांच्या प्रयोगांतून हाती लागू लागला: हे औषध डोपामीनची वाट अडवतं. त्याही आधी 1931 मध्ये आपल्याकडे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर सर्पगंधा ही वनस्पती गुणकारी असल्याचं छापलं होतं. तिच्यातलं रेसर्पिन मेंदूतला डोपामीनचा साठाच रिकामा करतं. पण म्हणून सगळं खापर डोपामीनवर फुटत नाही. केटामिन हे भुलीचं औषध अडवतं ग्लुटामेट या दुसऱ्याच रसायनाची वाट, तरी भ्रम होतात. एकबीज जुळ्यांत एकाला आजार असला तर दुसऱ्याला होतो तो निम्म्या वेळा किंवा त्याहून कमी. म्हणजे रक्तातलं बरंच, पण सगळं नाही.

मला भावते ती छाटणीची उपपत्ती. पौगंडावस्थेत मेंदू आपल्या पेशींमधल्या नको असलेल्या जोडण्या छाटतो. ही छाटणी काहींत जास्त होत असावी, असं फाइनबर्ग या संशोधकांनी 1982 मध्ये सुचवलं. 2016 मध्ये 'सी-फोर' या जनुकाच्या अभ्यासानं त्याला बळ मिळालं. जोडण्या तुटतात, ताई! छिन्नच की! ब्लॉयलर यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मला मान्य आहे, पण शब्द कसा बसला बघा.

जपानने 2002 मध्ये 'मन फाटण्याचा रोग' हे आपलं जुनं नाव टाकून दिलं, कारण रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना ते ऐकवत नव्हतं. कोरियाने नंतर घेतलेल्या नावाचा अर्थ आहे तारा जुळवणं. तंबोरा उतरलाय, लावता येईल. यापुढे माझं छिन्नही जरा फिकं वाटतं, पण हे प्राध्यापकांना सांगू नका.

तुमचं राहिलंच. सरकारी फॉर्मवर 'मनोविदलता' लिहा, इथल्या कारकुनाला तेच कळेल. नणंदबाईंशी 'छिन्नमनस्कता' बोला. भाच्याशी बोलताना मात्र त्याचं नावच घ्या.